२१ दिवस कोंबडीचे, ५६ दिवस आपले

ज्यांनी हा भाग ऐकला नाही, किंवा रेंज गेली म्हणून अर्धाच ऐकला, त्यांच्यासाठी इथे लिहून देतेय. बोलताना जे पुढंमागं झालं होतं ते ओळीनं लावलंय, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.

आजचा विषय खुडूक कोंबडी. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा एकच प्रश्न असतो: "ताई, गावाकडं दहा-पंधरा कोंबड्या आहेत, अंडी उबवायचं छोटं मशीन घेऊ का?" माझं उत्तर असं की वर्षाला पन्नास-साठ पिल्लं काढायची असतील तर मशीन घरातच आहे. ते लाईट गेली तरी चालतं, आणि पिल्लं निघाल्यावर त्यांना सांभाळतंसुद्धा. मशीन हे दुसरं काम करत नाही. खरी गोम तिथंच आहे. आपल्याकडं अंडी बऱ्यापैकी फुटतात, पण पिल्लं मरतात ती नंतर. समजा बारा अंडी ठेवली आणि दहा पिल्लं निघाली. घरात सगळे खूश. पण दोन महिन्यांनी मोजायला गेलं तर चार उरलेली. म्हणजे तोटा उबवण्यात झालेला नसतो, त्यानंतरच्या आठ आठवड्यांत झालेला असतो. म्हणून या भागाचं नाव तसं ठेवलंय. पहिले २१ दिवस कोंबडी बघून घेते, पुढचे ५६ दिवस आपण बघायचे.

खुडूक म्हणजे नेमकं काय

गावरान कोंबडी साधारण बारा ते अठरा अंडी घालते आणि मग खुडूक बसते. जागेवरून उठत नाही, हात नेला की पिसं फुलवते, टोच मारते, आणि तो ओळखीचा "खुड-खुड" आवाज काढते. लोकांना वाटतं आजारी पडली किंवा आळशी झाली. तसं नाही. तिच्या शरीरात प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढलेलं असतं. अंडी घालणं थांबतं, भूक कमी होते, छातीखालची पिसं गळतात आणि तिथली कातडी उघडी पडते. ती उघडी गरम कातडी थेट अंड्याला टेकते. कोंबडीच्या अंगाचं तापमान असतं साधारण ४१ अंश, आणि अंड्याला लागतं साडेसदतीसच्या आसपास. हा मेळ ती न शिकता घालते.

हा गुण सगळ्या कोंबड्यांत नसतो. पोल्ट्रीतल्या पांढऱ्या लेगहॉर्नमधून तो माणसानंच पिढ्यान्‌पिढ्या निवड करून काढून टाकलाय, कारण खुडूक बसली की अंडी बंद, आणि अंडीवाल्याला ते परवडत नाही. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानं तयार केलेली वनराजा अंडी जास्त देते, वजनही चांगलं घेते, पण ती अंड्यावर बसत नाही. म्हणून वनराजाची अंडी गावरान कोंबडीखाली ठेवायची पद्धत पडली. थोडक्यात, तुमच्या आज्जीकडची ती रंगीबेरंगी, थोडी भांडखोर गावरान कोंबडी जपून ठेवा. नव्या जातींच्या मागं लागून ती विकून टाकली तर उबवायला कोणी उरत नाही.

बसवायचीच नसेल तर काही घरांत खुडूक मोडायला कोंबडीला पाण्यात बुडवतात, नाकात पीस घालतात. ते करू नका. खालून हवा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवा, दाणा-पाणी द्या. पोटाखाली ऊब साठली नाही की खुडूकपणा उतरतो.

अंडी कोणती ठेवायची

पहिली गोष्ट, दुकानातली अंडी ठेवू नका. त्या पोल्ट्रीत कोंबडाच नसतो, त्यामुळं २१ दिवस काय, २१ महिने ठेवलं तरी पिल्लू निघणार नाही. आपल्या कळपात दहा कोंबड्यांमागं एक चांगला कोंबडा पाहिजे.

दुसरी गोष्ट, अंडी ताजी पाहिजेत, आठवड्याच्या आतली. आणि इथं बीडचा उन्हाळा मध्ये येतो. अंड्यातला जीव साधारण वीस-एकवीस अंशांच्या वर गेला की हळूहळू वाढायला लागतो. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या घरात दुपारी चाळीसच्या पुढं जातं. तेव्हा शिंकाळ्यात किंवा फळीवर ठेवलेल्या अंड्यात वाढ सुरू होते, रात्री थांबते, परत सुरू होते, आणि शेवटी जीव मरतो. बाहेरून अंडं चांगलंच दिसतं. मग आपण म्हणतो, "कोंबडी नीट बसली नाही." खरं तर ती बसायच्या आधीच अंडं गेलेलं असतं.

म्हणून अंडी माठाजवळ, सावलीत, ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या भांड्यात साठवा. निमुळतं टोक खाली. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांपेक्षा जुनं अंडं बसवू नका. अंडी धुवू नका, कारण कवचावर एक बारीक थर असतो, तो जंतू आत जाऊ देत नाही. फार मोठं, फार छोटं, तडकलेलं किंवा वेडंवाकडं अंडं खायला घ्या. गावरान कोंबडीखाली दहा ते बारा अंडी पुरे. हाव करून अठरा ठेवली तर कडेची गार पडतात, मग ती आत जातात आणि आतली कडेला येतात. असं करत सगळ्यांचंच नुकसान होतं.

बसवताना

जुनी पाटी किंवा टोपलं घ्या. पत्र्याचं घमेलं उन्हात तापतं, ते नको. तळाला माती किंवा वाळू, वर वाळलेलं गवत नाहीतर काड, आणि मध्ये थोडा खोलगटपणा, म्हणजे अंडी घरंगळत नाहीत. माती थोडी ओलसर राहिली तर आपल्या कोरड्या हवेत फायदाच होतो, कारण अंड्याला ओलावा लागतो. गवतात थोडी चुलीची राख आणि कडुनिंबाचा पाला टाका. उवा-पिसवा झाल्या तर चांगली बसणारी कोंबडीसुद्धा अंडी सोडून उठते.

जागा कमी उजेडाची आणि शांत हवी. कुत्रं, मांजर, घूस पोचणार नाही अशी. कोंबडी संध्याकाळी अंधार पडताना बसवा, रात्रीतून ती जागा धरते. आधी एक-दोन दिवस साध्या अंड्यांवर बसवून बघा, टिकली तर चांगली अंडी खाली सरकवा. सगळी अंडी एकाच वेळी ठेवा आणि प्रत्येकावर पेन्सिलीनं खूण करा. दुसरी कोंबडी मध्येच येऊन त्यात अंडं घालते. खूण नसलेलं दिसलं की काढून घ्यायचं, नाहीतर पिल्लं वेगवेगळ्या दिवशी निघतात, आणि पहिली पिल्लं चालू लागली की आई उरलेली अंडी सोडून जाते.

ते २१ दिवस

या दिवसांत आपलं मुख्य काम म्हणजे तिच्या कामात न पडणं. ती दिवसातून अनेकदा अंडी उलटीपालटी करते. अंडं एकाच कुशीवर राहिलं तर आतलं पिल्लू पडद्याला चिकटतं, म्हणून ते गरजेचं असतं. दिवसातून एखाद-दोन वेळा ती दहा-वीस मिनिटं उठते, खाते, पाणी पिते, घाण करते, राखेत लोळते आणि परत येते. दाणा-पाणी चार पावलांवर ठेवा. एखादी इतकी चिकाटीनं बसते की उठतच नाही. तिला दिवसातून एकदा उचलून बाहेर ठेवा, नाहीतर उपाशी राहून खंगते.

सातव्या दिवशी तुमचा मोबाइल कामाला येतो. रात्री अंधारात फोनचा टॉर्च लावा, त्यावर मूठ धरा आणि मुठीच्या बोगद्यावर अंड्याचं रुंद टोक टेकवा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मध्ये एक काळा ठिपका दिसला तर जीव आहे. आत नुसता उजेड दिसला तर ते अंडं फळलेलं नाही, काढून टाका. लाल कडं दिसलं तर जीव धरून मेलेलं आहे, तेही काढा. मेलेलं अंडं कुजून फुटलं तर शेजारची चांगली अंडीही जातात. एका अंड्याला काही सेकंदच लावा. व्हिडिओ काढायच्या नादात अंडी गार करू नका, बरं का.

बऱ्याच घरांत टोपल्यात लोखंडी खिळा आणि कोळसा ठेवतात, विजेच्या कडकडाटानं अंडी खराब होऊ नयेत म्हणून. ठेवायचा तर ठेवा, खिळ्यानं काही बिघडत नाही. पण कडकडाटानं अंडी मरत नाहीत. वळवाच्या पावसात टोपल्यात पाणी गळतं, कोंबडी घाबरून उठते आणि अंडी गार पडतात. त्यावर खिळा चालत नाही, वरचा पत्रा नीट करावा लागतो.

अठराव्या दिवसानंतर अंड्यांना हात लावणं बंद. बाहेर यायच्या आधी पिल्लू आतूनच चिवचिव करतं आणि कोंबडी हलक्या आवाजात उत्तर देते. कवचाला पहिलं भोक पडल्यापासून पूर्ण बाहेर यायला काही तास लागतात, कधी अख्खा दिवसही जातो. दया येऊन कवच सोलू नका. आतल्या पडद्यात रक्त अजून वाहत असतं, घाईनं सोललं तर पिल्लू रक्तस्रावानं मरतं. निघालेल्या पिल्लाच्या पोटात बलकाचा शेवटचा साठा गेलेला असतो, त्यावर ते दोन दिवस काढू शकतं. म्हणून पहिल्या दिवशी ते खात नसेल तर घाबरू नका.

आता आपले ५६ दिवस

पहिला धोका गारठा आणि ओल. आई पंखाखाली घेते, पण जमीन ओली असेल तर तिची ऊब पुरत नाही. खुराड्यात कोरडं काड किंवा सोयाबीनचा भुसा पसरा, ओला झाला की बदला. ओल्या भुशात रक्ती हगवण वाढते, आणि पावसाळ्यात पिल्लं जाण्याचं ते मोठं कारण आहे.

दुसरा धोका भूक. अंगणात टाकलेला दाणा मोठ्या कोंबड्या खाऊन टाकतात, पिल्लांना उरतच नाही. उपाय सोपा आहे. डालगं विटांवर थोडं उचलून ठेवा, इतकं की पिल्लू खालून आत जाईल पण मोठी कोंबडी जाणार नाही. पिल्लांचं खाणं त्या डालग्याखाली. पहिले दिवस तांदळाची कणी, बाजरी-ज्वारीची भरड. पण नुसत्या धान्यावर पिल्लू वाढत नाही, त्याला प्रथिनं लागतात. विकतच्या चिक स्टार्टरमध्ये ती वीस टक्क्यांच्या आसपास असतात. तो थोडा भरडीत मिसळा, किंवा वाळवी द्या. मडक्यात ओलं शेण आणि काडीकचरा भरून ते वारुळाजवळ रात्रभर पालथं ठेवलं की सकाळी वाळवी भरलेली असते. पाणी उथळ ताटलीत द्या आणि त्यात चार खडे ठेवा, नाहीतर पिल्लं बुडतात.

तिसरा धोका घार, कावळा, मुंगूस आणि मांजर. पहिले तीन-चार आठवडे पिल्लं मोकळी सोडायची नाहीत. आईला मोठ्या डालग्याखाली किंवा जाळीत ठेवलं की पिल्लं तिच्यापासून लांब जात नाहीत. बाहेर काढायचीच तर तुरीच्या किंवा कपाशीच्या दाट ओळीजवळ, जिथं वरून झडप घालता येत नाही. रात्री खुराड्याला नीट कडी लावा, मुंगसाला बोटभर फट पुरते.

चौथा धोका सगळ्यात मोठा: मानमोडी, म्हणजे राणीखेत. हिरवी हगवण, तोंड उघडून श्वास, मान पिळवटलेली, पाय लुळे. एकदा गावात शिरली की खुराडीच्या खुराडी रिकामी करते, आणि तिच्यावर औषध नाही. फक्त लस आहे. पाच ते सात दिवसांच्या पिल्लाला लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात. पुढचा डोस कधी आणि देवीची लस कधी, ते पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा. दवाखाना लांब असेल तर फिरत्या पथकासाठी १९६२ या नंबरवर फोन करता येतो.

पण अडचण अशी की लसीची लहानात लहान कुपीही बहुधा शंभर डोसांची असते. लस बर्फातच आणावी लागते आणि कालवल्यावर दोन तासांत संपवावी लागते. दहा पिल्लांसाठी हा खटाटोप कोण करणार? म्हणून बहुतेक घरांत लस होतच नाही. यावर माझं एकच सांगणं आहे: एकटीनं कोंबडी बसवू नका. गल्लीतल्या सात-आठ घरांनी एकाच आठवड्यात कोंबड्या बसवल्या तर पिल्लंही एकाच आठवड्यात निघतात, सत्तर-ऐंशी पिल्लांना एक कुपी पुरते, आणि कुणीतरी एकानं थर्मासमध्ये बर्फ घालून ती आणायची. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर गुड मॉर्निंग टाकतो, तिथंच "रविवारी कोंबडी बसवतेय, कोण कोण?" एवढं टाका.

७७ दिवसांचं गणित

२१ आणि ५६ मिळून ७७. बीडमध्ये हा आकडा फार कामाचा आहे. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज इथली हजारो घरं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, तारीख आपल्या हातात नसते. त्या वेळी तीन आठवड्यांची पिल्लं घरात असली तर पंचाईत. नेली तर ट्रकमध्ये, ट्रॅक्टरमध्ये दगावतात, ठेवली तर म्हाताऱ्या माणसाला सांभाळायला लागतात, आणि अशी पिल्लं कोणी विकतही घेत नाही.

म्हणून निघायच्या तारखेपासून ७७ दिवस मागं मोजा. १० नोव्हेंबरला निघायचं असेल तर कोंबडी २५ ऑगस्टच्या आत बसली पाहिजे. तशी बसली तर १५ सप्टेंबरच्या सुमारास पिल्लं निघतात आणि जाताना आठ आठवड्यांची होतात. मग नर आणि जादाची पिल्लं आठवडी बाजारात विकता येतात, उचलीला हात न लावता हातात थोडा पैसा येतो. हा पैसा बहुतेक घरांत बाईच्या हातात राहतो, त्याचा हिशोब ना मुकादम मागतो ना नवरा. चांगल्या तलंगा घरी ठेवता येतात, किंवा डालग्यात घालून कोपीवर नेता येतात. न्यायच्या असतील तर लस निघायच्या आधी किमान दोन आठवडे झालेली हवी, कारण लस घेतल्याबरोबर ताकद येत नाही. आजारी कोंबडी तर अजिबात नेऊ नका, तळावर सगळ्या गावांच्या कोंबड्या एकत्र येतात.

जे गावातच राहतात त्यांच्यासाठी दसऱ्यापासून माघापर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. उन्हाळ्यात, विशेषतः मे महिन्यात, शक्यतो बसवूच नका.

आणखी एक हिशोब. बसणं आणि पिल्लं सांभाळणं यात कोंबडीचे तीन महिने जातात, त्या काळात अंडी नाहीत. दोन कोंबड्या एकाच दिवशी बसवल्या तर पिल्लं निघाल्यावर रात्रीच्या अंधारात सगळी एकीखाली सरकवता येतात. सकाळी ती सगळ्यांना आपलीच मानते, आणि दुसरी लवकर परत अंड्यावर येते. सरकारी योजनेतून किंवा हॅचरीतून आणलेली एक दिवसाची पिल्लंही अशीच रात्री खुडूक कोंबडीखाली देता येतात.

एक इशारा

जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या मेल्या आणि तो बर्ड फ्लू निघाला. त्याच सुमारास आपल्या बीड जिल्ह्यात मेलेल्या कावळ्यांमध्येही तो सापडला. म्हणून एकदम बऱ्याच कोंबड्या मेल्या किंवा कावळे पडलेले दिसले, तर ते उघड्या हातानं उचलू नका, ओढ्यात टाकू नका आणि उरलेल्या कोंबड्या घाईनं बाजारात नेऊन विकू नका. आधी दवाखान्याला कळवा. लपवलं तर तुमचे दोन पैसे वाचतील, पण शेजारच्या दहा घरांची खुराडी रिकामी होतील.

तर मंडळी, एवढंच. आज घरी फोन लावा आणि तीन गोष्टी विचारा: कोणती कोंबडी खुडूक आहे, अंडी कुठं ठेवता आणि मागच्या वेळच्या पिल्लांना लस दिली होती का. तिसऱ्या प्रश्नाला "नाही" आलं तर मशीनचा विचार बाजूला ठेवा, आधी थर्मास शोधा. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात घेते.